कानवाले मिस्त्री

कानवाले मिस्त्री कोणाच्याही घरी गेले की आधी जमिनीला भेटायचे, माणसांना नंतर. चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, उजव्या पायाची टाच खोलीत दोनदा आपटायची, मान तिरपी करून ऐकायचं आणि मग "रामराम" म्हणायचं. एकदा नेपियर टाऊनातल्या एका वकिलांकडे ते स्वतःच्या मुलीच्या लग्नाची अक्षत घेऊन गेले. वकीलसाहेब दिवाणखान्यात हात पुढे करून उभे, आणि हे खुशाल पागोटं काढून, गुडघे टेकून, कान जमिनीला लावून बसले! म्हाताऱ्याला भोवळ आली असं वाटून वकीलसाहेबांनी पाणी मागवलं. मिस्त्री उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "कोनं ठोकली जी ही? पोकळ वाजून राह्यली." अक्षत द्यायचं राहूनच गेलं. ती द्यायला त्यांना दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं.

पत्त्याखाली 'जबलपूर, सी.पी.', म्हणजे मध्यप्रांत, असं लिहायचे ते दिवस. मिस्त्री मूळचे पांढुर्ण्याकडचे सुतार, पण बापाच्या हाताला धरून जबलपुरात आले ते गोहलपूरचेच झाले. तिथल्या कारखान्यांच्या गल्लीत त्यांची एक पडवी होती. पलंग, पाट, दारंखिडक्या करणारे सुतार गल्लीत पुष्कळ होते. मिस्त्रींचं काम एकच, सिमेंटच्या जमिनीवर लाकडाची जमीन बसवणं. खरं नाव काय होतं कोण जाणे. मी इतकी वर्षं त्यांना चहा दिला, पण कधी विचारलं नाही, आणि आता त्याची लाज वाटते.

घरात सिमेंटची गुळगुळीत जमीन असणं ही तेव्हा मोठी शान होती. सारवणं नको, पोपडे नकोत, फडकं फिरवलं की झालं. पण पावसाळ्यात तिला घाम फुटायचा आणि पौषात तिच्यावर पाय टेकला की कळ मस्तकात जायची. "सिमेंट पाहाले साजरं, बसाले वैरी," असं मिस्त्री म्हणायचे. दोन हिवाळे काढले की लोकांना ते पटायचं आणि मग गोहलपूरला निरोप जायचा.

त्यांचा अभिमान एकाच वाक्यात मावायचा: "मायी जमीन कुरकुरत नाही." हे वाक्य ते दिवसातून दहादा म्हणायचे, तेही ओठांत दहाबारा खिळे धरून. तोंडात खिळे असताना माणूस गप्प बसतो असा आपला समज असतो, पण मिस्त्रींना ते लागू नव्हतं. खिळे एका गालात सरकवायचे, दुसऱ्या गालातून गोहलपूरच्या साऱ्या गल्लीच्या बातम्या सांगायच्या, मधेच एक खिळा काढून ठोकायचा आणि पुढची बातमी सुरू करायची. जमीन मुकी आणि जमीन करणारा असा बडबड्या! आमच्या माई म्हणायच्या, "लाकडाच्या वाटचं सगळं हाच बोलून घेतो."

माई म्हणजे माझ्या सासूबाई. राइट टाऊनातल्या आमच्या घरात आम्ही तिघंच होतो: माई, हे आणि मी. हे कचेरीत नकाशे काढायचे. लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा ह्यांच्या छातीचं दुखणं सुरू झालं. खोकला हटेना, अंगात कसर राहायला लागली. डॉक्टर घरी आले, खोली पाहिली, आणि औषधाआधी जमिनीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही ओल ह्यांना बरं होऊ देणार नाही. ह्यावर लाकूड टाकून घ्या." त्याच दिवशी मिस्त्रींना बोलावणं गेलं. ह्यांचं बरं होणं त्या जमिनीवर अवलंबून आहे असंच आम्ही धरून चाललो होतो.

मला वाटलं, आज सांगितलं की उद्या फळ्या येतील. कसचं काय! मिस्त्री आले, टाच आपटली, कान लावला, अंगरखा काढला आणि उघड्या पाठीनं जमिनीवर आडवे झाले. बराच वेळ डोळे मिटून पडून राहिले. उठल्यावर माईंकडे पितळेची एक थाळी मागितली आणि ती खोलीच्या मधोमध पालथी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन थाळी उचलली. आतून थेंब धरले होते. "पाह्यलं? घाम गाळून राह्यली. हिच्या अंगावर लाकूड टाकलं तं कुजून जाईन," म्हणाले आणि थाळी पुन्हा पालथी घालून गेले. असं रोज. माई चिडल्या. सोवळ्यातली थाळी दिली आणि सुताराचा हात लागून बाटली, ती आता स्वयंपाकघरात घेता येईना! तर मिस्त्री म्हणाले, "राहू द्या माईसाहेब, जमिनीलेच आहेर केला समजा."

चैत्र संपता संपता एका सकाळी थाळी कोरडी निघाली. मिस्त्रींनी ती मला बोटानं पुसायला लावली, ह्यांना लावली, आणि माईंना दुरून दाखवली. मग डांबर आलं, सगळ्या सिमेंटवर ते तापवून फासलं. मग मंडल्याच्या सागाच्या फळ्या आल्या, पण त्याही लगेच ठोकायच्या नाहीत. पंधरा दिवस त्याच खोलीत रचून ठेवायच्या. "पाहुणे आहेत. आधी घरची हवा लागू द्या, मंग कामाले लावू." ह्यांना त्या दिवसांत बाहेरच्या खोलीत खाट टाकून दिली होती. मिस्त्री ह्यांना "भाऊसाहेब" म्हणायचे. हे तिथून मिस्त्रींशी गप्पा मारायचे आणि त्यांच्या बोलण्यावर हसता हसता खोकायचे. मी आतून ओरडायचे, "मिस्त्री, पुरे आता!" मग दोघंही आवाज उतरवून पुढे चालू करायचे.

नेमकं काम रंगात आलं तेव्हा माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं आणि मी नागपूरला गेले. जायचं मनात नव्हतं, ह्यांनीच पाठवलं. आठ दिवसांनी परतले तर खोली ओळखू येईना. एका फळीच्या कडेला जीभ, दुसरीच्या कडेला खाच, फळीत फळी अशी बसलेली की मधून नखही जाऊ नये. खाली आडव्या पट्ट्या, वर फळ्या, आणि भिंतीपाशी सगळीकडून एक बोट जागा सोडलेली. माईंना ते काम आखूड पडलंसं वाटत होतं. मिस्त्रींनी समजावलं, "लाकूडही कूस बदलते, माईसाहेब. त्याले जागा नको?" आणि त्या जागेवर भिंतीच्या कडेनं पट्टी मारून दिली. मी चपला काढून आत गेले. पायांना ऊब लागली आणि मला, का कोण जाणे, रडूच आलं.

खोलीभर फिरले, कुठे हूं की चूं नाही. शेवटी पश्चिमेच्या खिडकीपाशी गेले आणि भिंतीलगतच्या अगदी शेवटच्या फळीवर पाय ठेवला तर ती कुरकुरली. चांगली मोठ्यानं. मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "बसंल, बसंल," एवढंच म्हणून ते खाली सांडलेले खिळे गोळा करायला लागले. पुढे ती फळी कुरकुरली की हे गालातल्या गालात हसायचे. मिस्त्रींची फजिती झाली म्हणून हसतात, असं मला वाटायचं.

संध्याकाळी हे त्याच फळीवर उभे राहून खिडकीतून रस्ता पाहायचे. कर्र वाजलं की मी आतून समजायचे, उठले. मी चहा टाकायचे आणि कप नेऊन खिडकीत ठेवायचे. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण बरे गेले. खोकलाही उतरला होता. आम्ही मिस्त्रींना दुवा देत होतो. भाद्रपदात एकाएकी ताप चढला आणि पाच दिवसांत हे गेले. मी तेवीस वर्षांची होते.

तेराव्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी माई आणि मी खोलीत बसलो होतो, आणि खिडकीपाशी कोणी नसताना ती फळी वाजली. आधी कट्, मग जरा थांबून कर्र. अगदी कोणी येऊन उभं राहावं तशी. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. माई मात्र शांतपणे म्हणाल्या, "आला." उठल्या, चहा केला आणि कप नेऊन खिडकीत ठेवला.

त्यानंतर हे रोजचं झालं. ऊन उतरलं की फळी वाजायची, माई "आला" म्हणायच्या आणि कप खिडकीत जायचा. चहा निवायचा, साय धरायची, मग माई तो तुळशीत ओतायच्या. मी शिकलेली बाई. उन्हानं तापलेलं लाकूड निवताना वाजतं हे मला कळत होतं. पण कळून काय उपयोग? दिवस कलायला लागला की मी काहीतरी काम काढून त्या खोलीतून उठायचे. पुढे मी मुलींच्या शाळेत नोकरी धरली, तेव्हा शाळा सुटल्यावरही मी मुद्दाम वह्या तपासत बसायचे. घरात त्या फळीवरून जायची वेळ आली तर लांब ढांग टाकून ओलांडायचे. मला हे हवे होते हो, पण असे नको होते. त्या आवाजात मला ते रोज नव्यानं गेल्यासारखे वाटायचे.

मिस्त्रींचा एक रिवाज होता. दसऱ्याला सोनं वाटायच्या निमित्तानं ते आपण केलेल्या सगळ्या जमिनींना भेटून यायचे. "लेकी देल्या, वर्षातून एकदा पाहून याव लागते," म्हणायचे. ह्यांच्या मागे पहिला दसरा आला तेव्हा तेही आले, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून. आपट्याची पानं माईंच्या हातात दिली, पाया पडले आणि खिडकीकडे निघाले. मी मनात म्हटलं, सुटले. तोच माई तरातरा पुढे गेल्या आणि पदर खोचून त्या फळीवर बसल्या.

"कशाला आलात?" त्यांनी विचारलं.

"फळी पाहाले, माईसाहेब."

"ठोकायचं असेल तर माझ्यावरूनच ठोका."

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली. मग समोर जमिनीवर बसले. मी चहा दिला, तो प्यायले, गोहलपूरच्या दोनचार बातम्या सांगितल्या आणि उठून गेले. पुढल्या दसऱ्यालाही तेच झालं. त्याच्या पुढल्यालाही. ते आले की माई फळीवर जाऊन बसायच्या, ते समोर बसायचे. नंतर नंतर तर मिस्त्री दारात दिसले की माई हसून म्हणायच्या, "थांबा, मी बसते, मग आत या."

ह्यात मिस्त्रींचं नाव मात्र खराब होत गेलं. आमच्याकडे आलेगेलेले खिडकीशी जायचे, फळी कुरकुरायची आणि ते म्हणायचे, "ही कानवाल्यांची ना? मग बोलते कशी?" एका बड्या बॅरिस्टरांना बंगल्याच्या मोठ्या हॉलमध्ये लाकडी जमीन करायची होती. ते आमची जमीन पाहायला आले, सोबत मिस्त्री. खोलीभर फिरून बॅरिस्टर खूश झाले आणि शेवटी नेमके खिडकीत गेले. कर्र! त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी नुसतं सांगितलं असतं की, ही म्हातारी हात लावू देत नाही, तर काम त्यांचंच होतं. ते मान खाली घालून म्हणाले, "हो जी. ह्या ठिकाणी चुकलं." ते काम दुसऱ्यानं केलं. मला मिस्त्रींचा राग आला. स्वतःची बाजू न मांडणाऱ्या माणसाचा मला भारी राग येतो.

पाचव्या-सहाव्या वर्षीची संक्रांत. माई शेजारणींबरोबर नर्मदामाईच्या स्नानाला ग्वारीघाटावर गेल्या होत्या, तिन्हीसांजेआधी येणार नव्हत्या. मी सकाळीच गोहलपूरला निरोप धाडला. मिस्त्री आले. लढाईच्या दिवसांत खमरियाला बांधकामं निघाली होती, तिथून ते परस्परच आले होते, त्यामुळे पिशवी खांद्यावर होतीच. त्यांचं ऐकणंही तेव्हा कमी व्हायला लागलं होतं, दोनदोनदा सांगावं लागायचं.

मी म्हटलं, "मिस्त्री, आज माई नाहीत. ह्या फळीचं तोंड बंद करून टाका. मी माझ्या जबाबदारीवर सांगते. मला ह्या घरात संध्याकाळ काढवत नाही."

ते फळीपाशी वाकले. तिच्यावर तळहात ठेवला, कान ठेवला. मला वाटलं, आता पटाशी काढतील. ते तसेच वाकून राहिले, मग उठले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज नाही जमत, वहिनीबाई. हत्यार नाही आणलं."

पिशवी खांद्यावर होती! आतला हातोडीचा दांडा बाहेर डोकावत होता. माझा तोल गेला. मी म्हटलं, "हत्यार नाही का हिंमत नाही? सरळ सांगा ना, की जमत नाही. कान गेले तुमचे, मिस्त्री, आता नाव तरी बदला."

हे त्यांना पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं. चेहऱ्यावरून कळलं. एरवी एका शब्दाला दहा शब्द देणारा माणूस, नुसता "येतो" म्हणाला आणि चपला घालून गेला. त्या दसऱ्याला तरी येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण आले, माईंना सोनं दिलं, मलाही दिलं. मी माफी मागायला हवी होती. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि मी चहाला साखर पुरे का, असलं काहीतरी विचारायचे.

माई ह्यांच्यामागे अकरा वर्षं जगल्या. शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी खाट खिडकीजवळ ओढून घ्यायला लावली. संध्याकाळी "आला" म्हणायच्या आणि चहा करायला मला उठवायच्या. त्या काळात तो कप मीच खिडकीत ठेवायचे, रागारागानं ठेवायचे. गेल्या त्याही संध्याकाळीच.

चौदाव्या दिवशी दारात टाच दोनदा आपटल्याचा आवाज आला. मिस्त्री खूप थकले होते. माझे ओठ बघून बोलणं समजून घ्यावं लागत होतं. ते आत आले, खिडकीकडे पाहिलं. फळीवर कोणी बसलेलं नव्हतं. त्यांनी पागोटं काढून खाली ठेवलं.

"वहिनीबाई, आता तिले चूप करतो. माया शब्द संपला."

"कसला शब्द?"

"आधी काढतो, मंग सांगतो. आधी सांगतलं तं मायाच हात चालाचा नाही."

त्यांनी भिंतीकडची पट्टी उचकटली. फळीवर एका जागी मेण आणि लाकडाचा भुसा भरून खिळ्याचं डोकं झाकलेलं होतं, ते टोकरून मोकळं केलं. जंबूर लावला. खिळा सहज येईना, पिळून पिळून काढावा लागला. निघाला तो वाकडा, मधोमध मोडल्यासारखा. मिस्त्रींनी तो धोतराला पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हा भाऊसाहेबांचा," ते म्हणाले.

मग खाली बसून त्यांनी सांगितलं. "तुमी नागपूरले गेल्या होत्या. ही शेवटची फळी. शेवटची फळी वरूनच ठोकाव लागते, दुसरा इलाज नसते. भाऊसाहेब खुर्चीवर बसून पाहून राह्यले होते. मले म्हणे, मिस्त्री, जन्मभर लोकाच्या घराचे नकाशे काढले, माझ्या घराला माझा एक तरी हात लागू द्या. आता आजारी माणसाले नाही कसं म्हणू? तोंडातला खिळा काढला, पुसला, देला. हातोडी उचलताना हात कापून राह्यले होते त्यायचे. चार घाव घातले. दुसऱ्याच घावाले मले समजलं, खिळा खालच्या पट्टीत नाही बसला, बाजूनं गेला. म्हटलं, उद्या काढू. तं भाऊसाहेब उठून फळीवर उभे राह्यले अन् ती कुरकुरली. असे हासले, वहिनीबाई! म्हणे, हा माझा आवाज, मिस्त्री, दसऱ्यापर्यंत राहू द्या. अन् आईला सांगू नका, छातीचं दुखणं असून हातोडी उचलली म्हणून रागावेल. मंग माईसाहेबाच्या माघारी मी तो आवाज कसा काढू, वहिनीबाई?"

"मग मला का नाही सांगितलं? अकरा वर्षं?"

"तुमाले सांगतलं असतं तं माईसाहेबापासून लपलं असतं का?"

नसतं लपलं. ते खरंच होतं. मी त्या खिळ्याकडे पाहत राहिले. ह्यांनी आयुष्यात ठोकलेला एकुलता एक खिळा, तोही चुकलेला. ह्या चुकलेल्या खिळ्यासाठी ह्या माणसानं बॅरिस्टरांसमोर मान खाली घातली होती, आणि मी त्याला कान गेले म्हटलं होतं. मी तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडले. ते गडबडून मागे सरले, "अरे बाप्पा, हे काय करता," म्हणाले.

मी खिळा त्यांच्यासमोर धरला आणि ओठ नीट हलवत म्हटलं, "परत लावा."

"आँ?"

"जसा होता तसाच. फळी बोलली पाहिजे."

मिस्त्रींनी खिळा घेतला. त्याच भोकात, त्याच तिरक्या वाटेनं घातला आणि हळूहळू ठोकला. मग मला म्हणाले, "उभ्या राहा." मी अकरा वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन त्या फळीवर उभी राहिले.

"बोलली का?" त्यांनी विचारलं. त्यांना आता स्वतःला ऐकू येत नव्हतं.

मी मान हलवली. नाही.

त्यांनी परत काढला, जरा वाकवला, परत घातला. "बोलली का?" नाही. फळी उचलली, खालची पट्टी बोटांनी चाचपली. इतकी वर्षं खिळा पट्टीला जिथे घासत होता ती जागा खिळा पिळून काढताना चेचली गेली होती. त्यांनी तिथे पटाशीनं खाच मारून पाहिली, पाचर घालून पाहिली. दुपार झाली. मी जेवायला वाढते म्हटलं तरी उठले नाहीत. प्रत्येक वेळी मी फळीवर उभी राहायचे आणि ते माझ्या तोंडाकडे पाहायचे. फळी मुकी ती मुकीच. शेवटी त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "हाताले येतच नाही, बाई. वाईट काम हाताले येतच नाही."

त्या संध्याकाळी ऊन उतरलं, दिवेलागण झाली. मी खिडकीपाशी बसून राहिले. फळी वाजली नाही. अकरा वर्षं जी संध्याकाळ मला नको होती ती आता कुठे मिळायची?

त्यानंतर दर चारआठ दिवसांनी मिस्त्री यायला लागले. गोहलपूरहून काठी टेकत, वाटेत बड्या फुहाऱ्याच्या चौकात दम खात. दारातूनच विचारायचे, "बोलली का?" मी नाही म्हटलं की फळीवर हात फिरवायचे आणि निघून जायचे. गप्पा नाहीत, बातम्या नाहीत. एवढा बोलका माणूस दोनच शब्द घेऊन एवढ्या लांब यायचा. उन्हाळा आला तरी येत होते. त्यांची छाती भात्यासारखी चालायची. एक दिवस ते उंबऱ्यावरच बसले, आत यायचं त्राण नव्हतं. तिथूनच माझ्याकडे पाहत विचारलं, "बोलली?"

मी म्हटलं, "बोलली, मिस्त्री. काल संध्याकाळी बोलली."

ते कितीतरी वेळ माझे ओठ पाहत राहिले. मग उठले, माझ्या खांद्याचा आधार घेत खिडकीपर्यंत आले, वाकले आणि तळहात फळीवर टेकवला. मी फळीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार दिला. फळी जरा दबली असेल. मिस्त्री हसले. "हो जी. आहे. लागून राह्यली हाताले." मी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. ते परत आले नाहीत.

त्या दसऱ्याला सोनं घेऊन त्यांची मुलगी आली. ज्या मुलीच्या लग्नाची अक्षत वकिलांकडे द्यायची राहिली होती, तीच. श्रावणात बाबा गेले म्हणाली. मी तिला बसवलं. डोळे पुसत ती सांगायला लागली, "शेवटी शेवटी साऱ्या गल्लीले बोलावू बोलावू सांगायचे, बाई. म्हणे, मी इतक्या जमिनी केल्या, साऱ्या मुक्या. राइट टाऊनात मायी एक आहे, ते बोलते." आणि मग संकोचानं खिडकीकडे पाहत म्हणाली, "मले ऐकवता का जी, एकदा?"

काय सांगणार होते मी तिला? तोंडातून निघून गेलं, "संध्याकाळी बोलते. बस तू."

ती बसली. मी आत जाऊन चहा टाकला. कपात ओतायला लागले तेव्हा लक्षात आलं, मी तीन कप मांडले होते. दोन आम्हा दोघींसमोर ठेवले, आणि तिसरा नेऊन खिडकीत ठेवला.